आज सातवर कोण?

सुमेधचं बोट एंटरवर अडलं होतं. स्क्रीनवर मेसेज तयार: “मिसळ खायला येतेस? फक्त आपण दोघंच!”

लॅबमध्ये मोबाईल बंद, लॉगिन सगळ्यांचं एकच. त्यामुळे मेसेज धाडायला नाव चालत नाही, समोरच्याचा टर्मिनल नंबर हवा. तो त्याने कालच पटकावलेला. केतकीने नंबर सांगणारी ‘टीटीवाय’ कमांड टाकली, उत्तर आलं सात, आणि ह्याने मागून वाचलं. आजही ती त्याच खुर्चीत. देवाचं नाव घेऊन दाबलं एकदाचं!

अख्खी लॅब खिदळली. मेसेज झळकला थेट भिंतीवर, प्रोजेक्टरला जोडलेल्या सरांच्या स्क्रीनवर!

“येतो की,” लालबुंद सुमेधकडे बघत सर म्हणाले, “पण तिखट सोसत नाही रे मला. गाढवा, नंबर खुर्चीचा नसतो, लॉगिनच्या क्रमाने मिळतो. आज सातवा मी!”

झालं, आता केतकी जन्मात बोलणार नाही! सुमेधने कीबोर्डमध्येच तोंड खुपसलं.

पलीकडे टकटक करत केतकीने पुन्हा तीच कमांड टाकली.

“ए, काल सातवर मीच होते ना?” ती हळूच म्हणाली. “आज तीनवर आहे. परत पाठव की!”