गणपतीचा पाट

गिरण्यांचा संप लांबल्यावर विणकर जयवंतने मासेमारीसाठी भंगारातून जुनी रबरी होडी आणली. इंजिन टांगायची मागची फळी अशी कुजलेली, की करंगळी आरपार गेली. त्याने ती उखडली, पण लाकूड मिळेना. शेवटी बायको, सुभद्रा, घरच्या गणपतीचा फणसाचा पाट घेऊन चाळीचा जिना उतरली. “येडी झालंस काय गो? देवाचो पाट तो!” “दरवर्सा समुद्रात जाता, देवाक पोचवता नि न चुकता घराक येता. ह्याका वाट म्हायत आसा.” जयवंतने आंघोळ करून करवत धरली. हळदीसारखा पिवळा भुसा उडाला. पाट होडीला चपखल बसला. दादरच्या चौपाटीवर इंजिन चढवायला वाकलेल्या जोडीदार तुळशीदास कोळ्याने फळीवरचं कुंकू पाहून आधी हात जोडले. इंजिन घुमलं. जयवंत सवयीने गरजला, “गणपती बाप्पा मोरया!” किनाऱ्यावरून सुभद्रा ओरडली, “संध्याकाळी लवकर या!”