उत्तर उद्या

शाळा तपासायला आलेल्या परुळेकरसाहेबांनी पुढची खुर्ची नाकारली आणि ते थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हाच सुगंधाबाईंनी ओळखलं, आज काही खरं नाही. शेवटच्या बाकावर बसणारा साहेब वाईट, असं शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणत. पुढे बसणारा नुसता फळा बघतो. मागे बसणारा पोरांच्या वह्या बघतो.

वर्ग पाचवीचा, तास इंग्रजीचा. घाटकोपरच्या डोंगरावरची ही पोरं जूनमध्ये एबीसीडी गिरवायला लागली होती आणि बाई त्यांच्या जेमतेम दोन पावलं पुढे होत्या. मॅट्रिकला इंग्रजीत त्या कशाबशा तरल्या होत्या. पण इंग्रजीचे मास्तर बदलून गेले आणि हेडमास्तरांनी तो विषय यांच्या गळ्यात मारला. नाही म्हणायची सोय नव्हती. संपात गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरी बसून होता आणि बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. ती होणार की जाणार, हे साहेबांच्या आजच्या रिपोर्टवर होतं.

शिकवायची पद्धत मात्र बाईंनी स्वतःच काढली होती. रोज प्रत्येकाने घरातला नाहीतर गल्लीतला एक इंग्रजी शब्द टिपून आणायचा. डब्यावरचा, पाटीवरचा, कुठलाही चालेल. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे शब्द, उजवीकडे प्रश्नचिन्ह. घरी डोकं चालवून पेन्सिलीने अंदाज लिहायचा. बाई दुसऱ्या दिवशी अर्थ सांगणार, मग ज्याची चूक त्यानेच खोडून सुधारायची. "उत्तर लगेच मिळालं की लगेच विसरतं," असं बाई पोरांना सांगत. सांगताना बघत मात्र खिडकीबाहेर. कारण खरी गोष्ट निराळी होती. संध्याकाळी भात शिजेपर्यंत ओट्यापाशी उभ्या राहून त्या शब्दकोश चाळत, तेव्हा कुठे त्यांना स्वतःला अर्थ कळे.

आजचा धडा त्यांनी अक्षरन् अक्षर पाठ करून आणला होता. तो निभावला. हातातला खडू घामाने ओला झाला होता. आता घंटा होऊ दे रे देवा, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

तेवढ्यात परुळेकरसाहेब उठले. "छान. कुणाला काही शंका? घाबरू नका, विचारा."

साहेबाला कधी कुणी शंका विचारत नाही. पण शेवंती उठली. तिचे वडील गोदीत हमाल होते. मोडक्या खोक्यांची लाकडं ते घरी आणत आणि त्यांच्या खोलीतली मांडणी त्याच फळ्यांची होती. शेवंती तरातरा पुढे आली आणि तिने फळ्यावर एक लांबलचक शब्द काढला.

"सर, आमच्या फळीवर हे छापलंय. वाचता पण येत नाय. म्हणजे काय ओ?"

कन्साइनी. बाईंनी तो शब्द जन्मात पाहिला नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला, परत लावला. फळ्याकडे बघितलं, आणि सावकाश म्हणाले, "मी कशाला? तुमच्या बाई सांगतील."

सापळाच होता तो. सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. लाकडाची एक जात, असं ठोकून द्यावं का? पोरं लिहून घेतील, पण साहेब? आणि पोरांना तरी खोटं कसं शिकवायचं?

"सर, बाई आज नाय सांगणार," शेवंतीच म्हणाली.

"का गं?"

"आमच्यात प्रश्न आज, उत्तर उद्या. आधी आपण डोकं चालवायचं ना!"

एवढ्यात सगळ्या वर्गाने पानं दुमडलीसुद्धा. साहेबांनी शेजारच्या पोराची वही ओढली. शब्द, पेन्सिलीचा अंदाज, खोडून केलेली दुरुस्ती. ते पानामागून पान उलटत राहिले. घंटा झाली तरी त्यांचं डोकं वर निघेना.

मग त्यांनी बाईंना व्हरांड्यात बोलावलं.

"तुमची ही पद्धत मी रिपोर्टात लिहिणार आहे. कुठे शिकलात?"

एखाद्या शिबिराचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं. पण बाईंना आता ती भीतीच सोसवेना. इतके महिने ती उरावर घेऊन त्या वर्गात शिरत होत्या.

"कुठे नाही, सर. भीतीने सुचली," त्या म्हणाल्या. "मला अर्थ येत नाहीत. घरी बघून येते. आत्ताचाही येत नव्हता."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. गेली नोकरी. घरी जाऊन काय सांगायचं?

व्हरांड्यात कुणी नाही, हे साहेबांनी मागे वळून बघून घेतलं. मग खिशातून डायरी काढली, कोरं पान मधोमध दुमडलं, डावीकडे तो शब्द लिहिला आणि उजवीकडे प्रश्नचिन्ह काढलं.

"उद्या हेडमास्तरांच्या फोनवरून मलाही कळवा," ते अगदी हळू म्हणाले. "पोरीने आधी मलाच विचारलं होतं, बाई. म्हणून तर मी तुमच्याकडे बोट दाखवलं."