बशीत विषाणू नव्हता

पेशी पुन्हा मेल्या होत्या.

थेंजीवेने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले आणि हातातला रुमाल टेबलावर आपटला. परवापर्यंत मज्जापेशींचे, म्हणजे नसांच्या पेशींचे, लांब धागे कसे ताठ, तकतकीत होते. आता ते जागोजागी तुटून माळेतल्या मण्यांसारखे विखुरले होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या या बशीत एचआयव्हीचा विषाणू नव्हताच. होतं ते त्याच्या आवरणावरचं नुसतं एक प्रथिन. तेवढ्यानंही मज्जापेशी करपतात, हे साऱ्या संशोधकांना ठाऊक होतं. थेंजीवेला त्या वाचवायच्या होत्या. म्हणून तिने आधी आपलं औषध घातलं होतं आणि मग प्रथिन सोडलं होतं. औषधाने काडीचा फरक पडला नाही. गेली कित्येक वर्षं हेच चाललं होतं.

"किती दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतणार आहेस?" प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर गुमेडे दारातूनच म्हणाले. "आज संशोधनासाठी रक्त देणारी रुग्ण मंडळी भेटायला येतायत. ही बशी टाकून दे. त्यांना काहीतरी जिवंत दाखव."

थेंजीवेने निरोगी पेशींची दुसरी बशी काढून ठेवली. मेलेली मात्र तिच्याच्याने टाकवेना.

पहिली आली मान्झुझा. मुलाच्या ढगळ सपाता घालून, भिंत धरत धरत. पूर्वी ती डरबनच्या बस अड्ड्यावर भाजी विकायची. आता तिला घडीभर उभं राहवत नसे. एचआयव्हीच्या गोळ्या ती न चुकता घ्यायची, रक्तात विषाणू सापडतही नव्हता, पण तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. या संशोधनासाठी ती दरवेळी मुकाट्याने हात पुढे करी.

तिच्या मुलाने, म्बोंगेनीने, तिला आपल्या टॅक्सीतून आणलं होतं. तो बाहेरच थांबला आणि किल्ल्या खुळखुळवू लागला.

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला," तो तिथूनच म्हणाला. "नर्स म्हणते, विषाणू सापडत नाही. मग पाय कसले जळतात? चर्चला जाताना जळत नाहीत, बाजारात जायचं म्हटलं की जळतात!"

त्याला उत्तर देणं मान्झुझाने केव्हाच सोडलं होतं.

आत येऊन तिने हळूच विचारलं, "पोरी, झालं का गं माझ्या पायांचं औषध?"

थेंजीवेचा हात निरोगी बशीकडे गेला. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने तो मागे घेतला.

"नाही झालं, मा. हरले मी. बघायचंय काय झालं ते? बघा." आणि तिने मेलेली बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

म्हातारी कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"हे तुटके दोरे कसले गं?"

"नसा आहेत. तुमच्या तळपायात असतात तसल्याच."

"त्या विषाणूने खाल्ल्या?"

"विषाणू नाहीच यात. त्याच्या आवरणाचा एक कण आहे फक्त. गोळ्या विषाणूला वाढू देत नाहीत, पण तो अंगात कुठेतरी लपून राहतो आणि हे आवरण सोडत राहतो बहुतेक. ते नसांना जाळतं. मला ते थांबवता आलं नाही."

"म्हणजे विषाणू दिसत नाही, तरी जळतंय?"

"हो!" थेंजीवे वैतागून म्हणाली. तो वैताग स्वतःवरचा होता. "दरवेळी जळतं. एकदाही चुकत नाही."

मान्झुझा सरळ झाली. तिचे डोळे भरून आले होते. औषध नाही म्हणून ती रडतेय असं थेंजीवेला वाटलं. ती माफी मागायला पुढे झाली.

म्हातारीने हात वर करून तिला थांबवलं, दाराकडे वळली आणि खणखणीत आवाजात हाक मारली,

"म्बोंगेनी! आत ये, आणि या बशीत माझे पाय बघ."