धक्क्यावरची पट्टी

"सर, इथे काहीतरी बारीक उभं दिसतंय. नॉइज म्हणून काढून टाकू?" तेजलने विचारलं. सर्वेक्षणाच्या बोटीखाली बुडालेलं आंबेखोल गाव होतं. ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर आधी देवळाचा कळस उमटला होता, आता धक्का.

केणींनी पाहिलं आणि लगेच ओळखलं. भरती मोजायची ती लोखंडी पट्टी नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच धक्क्याला ठोकली होती. गावातला धाकू तांडेल रोज तिच्यावरचा आकडा फोनवरून कळवायचा. आकडे चढायला लागले, तेव्हा केणींनी "वाचणाऱ्याची चूक" असा शेरा मारून ते गाळले. आलेख सपाट झाला आणि गाव हलवायचा प्रस्ताव बारगळला. पुढे दक्षिण ध्रुवावरचा बर्फ तुटून समुद्रात आला. समुद्र गावात शिरला, तो परत गेलाच नाही.

"काढू ना, सर?"

"नको. राहू दे तिला."

धाकूचा शेवटचा व्हॉइस मेसेज केणींनी अजून पुसला नव्हता. मागे पाण्याचा घोंगावता आवाज होता, आणि धाकू नेहमीच्याच अदबीने विचारत होता, "साहेब, पट्टी बुडाली. आता आकडा कशावर वाचू?"