पांढऱ्या पानांचं लिंबू

नर्सरीवाला उकिडवा बसून लिंबाचं पान दोन बोटांत धरून निरखत होता. मास्तरांना दम निघेना.

"आहे की नाही नवल? लिंबाला अशी पानं पाहिलीत कधी?"

मागच्या दारातल्या मोठ्या कुंडीतलं ते झाड मास्तरांनी बी पेरून वाढवलं होतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण हौसेचं म्हणून एवढंच काय ते केलं. महिन्याभरापूर्वी नवी पालवी फुटली, ती अर्धी हिरवी, अर्धी दुधासारखी पांढरी. नेमक्या त्याच दिवसांत बायकोने अंथरूण धरलं. पोटात घास ठरेना. डॉक्टर वयाकडे बोट दाखवून मोकळे झाले. मास्तर रोज एक पांढरं पान खुडून तिच्या उशाशी ठेवत. तेवढ्यापुरती ती हसायची, आणि ती उठून बसावी याखेरीज मास्तरांना दुसरं काही नको होतं.

झाडाचं खरं खतपाणी मात्र तिला ठाऊक नव्हतं. दोघांना भूक लागायचं टॉनिक होतं, कडू जहर. अंथरुणात बसूनही दोन पेले तीच भरायची आणि आपला मुकाट्याने प्यायची. मास्तर आपला पेला घेऊन वारा खायला म्हणून मागे येत आणि कुंडीत ओतत. औषध चुकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नर्सरीवाला उठला. "मास्तर, हे नवल नाही. झाडाला रोज थोडं थोडं तणनाशक जातंय."

मास्तर हसलेच. फरशीतल्या गवतासाठी त्यांनी ते आणलं होतं खरं, पण डबा गळू लागला म्हणून घरातल्या एका रिकाम्या बाटलीत भरून अडगळीच्या खोलीत मागे सारलं होतं. त्यानंतर हातही लावला नव्हता. दाखवतोच, म्हणून ते आत गेले.

फळीवर धुळीत बाटलीच्या बुडाचा गोल ठसा तेवढा होता.

ते बायकोच्या खोलीच्या दारात आले. "अगं, अडगळीतली बाटली कुठे गेली?"

ती उशीला टेकून बसली होती. चेहरा पार उतरलेला, तरी डोळ्यांत जुना मिश्कीलपणा होता.

"भरलेली टॉनिकची बाटली लपवून ठेवता होय? महिन्यापूर्वीच पकडली तुमची चोरी. तीच तर पितोय आपण," ती म्हणाली आणि रिकामा पेला खाली ठेवला.