खिशातली सहा काडतुसं

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लांबची आहे, अलास्काच्या किनाऱ्यावरची, पण दुःखाला कुठला आलाय परका मुलूख! फार वेळ घेत नाही. गळाला लागलेला मासा वर यायला जेवढा लागतो, तेवढाच.

सिग्नेने उजवा हात कोटाच्या खिशातून काढलाच नव्हता. खिशात सहा काडतुसं होती. सकाळी धक्क्यावर नवरा, हाल्वोर, बर्फ आणायला गेला, तेवढ्यात तिने ती रिव्हॉल्वरमधून काढली आणि रिकामं रिव्हॉल्वर सुकाणूजवळच्या पेटीत होतं तसं ठेवून दिलं. मार्चमध्ये त्यांची लेक गेली. एरवी वर्षातून एकदा पुसायचं ते हत्यार हाल्वोरने त्यानंतर तीनदा तेल लावून पुसलं होतं. नवऱ्याच्या बोटीत कधी पाय न ठेवलेली सिग्ने आज “मलाही यायचंय” म्हणाली, ती मासे बघायला नव्हे.

हत्यार नेऊ नकोस, असं म्हणायची सोय नव्हती. हॅलिबट धरायला जाणारा जो तो ते नेतो. मासा ताटासारखा चपटा, पण दाराच्या फळीएवढा. पाण्यात असतानाच त्याच्या डोक्यात गोळी घालायची आणि मग वर ओढायचा, ही तिथली रीत. जिवंत वर घेतला तर माणसाची हाडं मोडतो. आणि एकदा बोटीत आला की गोळी झाडता येत नाही, बोटीलाच भोक पडतं.

खाडीच्या तोंडाशी मासेमारी खात्याचा वेस्ली आपली बोट बाजूला घेऊन आला.

“काय म्हातारबा, आज मालकीणबाईही?”

“पाळत ठेवायला आल्यात,” हाल्वोर म्हणाला.

सिग्नेने नजर पाण्याकडे वळवली. वेस्ली मात्र हसला. त्याने परवाना पाहिला, परत दिला.

“हत्यार?”

“आहे. पेटीत.”

“भरलेलं?”

“रिकामं नेऊन माशाला काय वाकुल्या दाखवू?”

सिग्ने वेस्लीच्या तोंडाकडे बघत राहिली. काढून घे ना रे बाबा, आजच्या दिवस घे. पण हत्यार रीतसर होतं, परवाना रीतसर होता, कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती.

“नेम नीट धरा हां,” निघताना वेस्ली ओरडला. “परवा एकाने मासा सोडून स्वतःच्याच बोटीला भोक पाडलं. दोघा भावांना मी ओढत घरी आणलं, आणि मासा पोहत त्याच्या घरी गेला!”

हाल्वोर मोठ्याने हसला. मग गळ सोडता सोडता गाऊ लागला, रविवारचं प्रार्थनागीत. पूर्वी त्याच्या आवाजाने चर्चच्या काचा थरथरायच्या. मार्चपासून त्याने गायला तोंड उघडलं नव्हतं. सिग्नेने मनातल्या मनात देवाचे पाय धरले. वळला गं बाई, माणूस जगाकडे वळला.

दोर ताणला गेला, गाणं तुटलं. पाऊण तास ओढाताण चालली. मग काळ्या पाण्यातून ती भली थोरली पाठ वर आली, दोन्ही डोळे एकाच बाजूला.

आता तो म्हणेल, बंदूक दे. मग सांगावं लागेल. सांगितलं की तो हात पुढे करेल, आणि त्या हातावर गोळ्या ठेवाव्या लागतील. तिने खिशातली मूठ घट्ट आवळली.

हाल्वोरने पेटीकडे बघितलंसुद्धा नाही.

“राहू दे बंदूक. लहान आहे. तसाच वर घेऊ.”

मासा लहान नव्हता. सिग्नेएवढा लांब होता. असा मासा जिवंत वर घेऊ नये, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. सिग्नेलाही कळत होतं. पण तिला हायसं वाटलं. देवा, तिला हायसं वाटलं! तिने मुकाट्याने मासा ओढायची दुसरी आकडी उचलली आणि अंगात होतं तेवढं बळ लावून ओढलं.

मासा फळीवर आला आणि क्षणभर निपचित पडून राहिला. मग शेपूट उठली.

वासा मोडावा तसा आवाज झाला. हाल्वोर खाली बसला तो उठलाच नाही. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. तिने कमरेचा पट्टा सोडून मांडीला आवळला, वायरलेसवर वेस्लीला हाक मारली. अर्ध्या तासात पोचतो, म्हणाला.

मग तिने खिशातली मूठ काढून त्याच्यासमोर उघडली.

“मी काढल्या रे, सकाळी. मला वाटलं, तू...”

“ठाऊक आहे,” हाल्वोर म्हणाला. ओठ पांढरे पडले होते, तरी आवाज शांत होता. “धक्का सोडताना उचलून पाहिलं होतं मी. हलकं लागलं हाताला.”

“मग? मग बोलला का नाहीस? तसाच वर का घेतलास?”

त्याने तिची बोटं एकेक करून काडतुसांवर मिटवली, आणि ती मूठ आपल्या हातात धरून ठेवली.

वेस्ली पोचला तेव्हा हाल्वोरचा हात सैल झाला होता. मासा अजून शेपूट आपटत होता.

हाल्वोरसाठी तिथल्या चर्चमध्ये गातात, त्याला काही कमी नाही. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा एवढं करा, सिग्नेची आठवण ठेवा. तिचा प्रश्न अजून तसाच आहे.