निळा की काळा

गॅरेजमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा, टर्बोची हवा इंजिनात नेणारा पाईप फाटला होता आणि सकाळी लेकीला परीक्षेसाठी घाट चढून न्यायचं होतं. गिऱ्हाइकानं निळाशार, चकचकीत सिलिकॉनचा नवा पाईप सोबतच आणला होता.

मिस्त्रींच्या सुनेनं जुन्या पाईपात बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"काका, तेलानं हा निळा फुगेल. त्यापेक्षा हा काळा घ्या, याला आतून तेलाला टिकणारं अस्तर आहे."

"तू राहू दे गं. मोठ्या मिस्त्रींना बोलाव."

चाळीस वर्षांचा अनुभव चष्मा पुसत बाहेर आला. त्यानं दोन्ही पाईप दाबले, वाकवले, नाकाशी नेले.

"मी असतो तर निळाच टाकला असता."

"बघ!" गिऱ्हाईक सुनेवर खेकसलं.

"गेल्या महिन्यात टाकलाही," मिस्त्री पुढे म्हणाले. "माझ्याच गाडीत. हिनं नको म्हटलं असताना. भर चढावर फुटला. मग हिनंच दोर बांधून मला घरापर्यंत ओढत आणलं. वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि सासूला तर आजतागायत सांगितलेलं नाही."

गिऱ्हाइकानं निळा पाईप गुपचूप पिशवीत सरकवला.

"काळाच बसवा, ताई."